उतारावरची खुर्ची

गॅनेट पॉईंटमधली माणसं कशी राहतात आणि कशाला भितात, हे कुणाला जाणून घ्यायचं असेल तर त्याने जनगणनेचे कागद चाळत बसू नये. त्या कागदांत एवढंच कळतं की इथे घरटी अडीच माणसं, अडीच मोटारी आणि चार न्हाणीघरं आहेत. खरी हकीकत गवतावर पडलेली असते. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, नगरपालिकेचं पत्रक येतं: नको असलेलं सामान घरासमोरच्या हिरवळीवर काढून ठेवा, सोमवारी ट्रक उचलून नेईल. त्या फेकाफेकीच्या आठवड्यात क्लेम हॅरिगनच्या मागून एक फेरी मारली की सगळ्या गावाची कुंडली हातात येते.

क्लेम आता एकाहत्तरचा. चौतीस वर्षं त्याने गॅनेट पॉईंट ते बोटीचा धक्का अशी बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर लोकांनी टाकलेलं सामान दुरुस्त करण्याचा छंद लावून घेतला. ढिगाऱ्यासमोर उभा राहिला की तो वाचायला लागतो. व्यायामाची सायकल, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली. "डॉक्टरने धाक घातला होता," क्लेम म्हणतो, "आता धाक उतरला." पाळणा बाहेर आला म्हणजे आणखी मूल नको, असं ठरलं. एकाच घरातून दोन कॉफीची यंत्रं आणि अर्धा सोफा आला तर क्लेम आवाज खाली आणून म्हणतो, "वकिलाकडे गेले वाटतं." लहान मुलांचे झोके भरपूर, म्हाताऱ्यांचे वॉकर भरपूर, पण पंचविशीतल्या माणसाने टाकलेली वस्तू औषधालाही सापडत नाही. त्या वयाचं माणूस इथे राहूच शकत नाही, ते सकाळी बसने येतं, इथल्या घरांच्या काचा पुसतं आणि संध्याकाळी बसनेच परत जातं. क्लेमला ही माणसं नावानिशी ठाऊक, कारण चौतीस वर्षं त्याच्या बसमध्ये तीच बसत आली. बंगल्यांचे मालक मोटारीने जायचे.

क्लेमचं स्वतःचं घर म्हणजे त्याच्या बापाने बांधलेलं सिमेंटच्या पत्र्याचं खुराडं. बाप गवंडी. तेव्हा समुद्राकाठी राहायचं म्हणजे वारा, वाळू आणि गंज, ज्याला दुसरीकडे जागा मिळत नसे तो इथे यायचा. आता त्या खुराड्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली काचेची घरं उभी आहेत आणि मधे क्लेमचं घर नव्या कपाटात राहिलेल्या जुन्या चपलेसारखं दिसतं. घरांच्या दलालांची पत्रं आठवड्याला चार येतात. क्लेम ती जपून ठेवतो आणि रविवारी सॉसेज भाजायला विस्तव पेटवतो. त्या कागदाला चांगली धग असते, असं त्याचं मत.

तर या छंदाचेही त्याने नियम करून ठेवले होते. गवतावर असेल तेच उचलायचं, फाटकाच्या आत किंवा भिंतीला टेकवलेलं असेल त्याला हात लावायचा नाही. दार वाजवून विचारायचं नाही, माणसं ओशाळतात. आणि दुरुस्त केलेली वस्तू विकायची नाही, ज्याला लागेल त्याला द्यायची. जीवरक्षकांच्या क्लबातल्या सगळ्या खुर्च्या त्याच्या हातच्या, ग्रंथालयातलं मुलांचं टेबल त्याचं, आणि स्टॉपवर उतरणाऱ्या अर्ध्या बायकांच्या घरी, दूर तिकडे गावाबाहेर, त्याने जोडलेले मिक्सर फिरतात. लोकांनाही आता त्याची सवय झाली होती. टाकलेल्या पंख्यावर चिठ्ठी असायची, "क्लेम, मोटर चांगली आहे, फक्त पातं मोडलंय." न टाकलेली वस्तू आपण आयुष्यात उचललेली नाही, याचा त्याला भारी अभिमान होता. तो लोर्नाला, म्हणजे बायकोला, हे वारंवार सांगायचा आणि लोर्ना म्हणायची, "हो बाबा, तुझा पुतळाच उभारू, पण पायाखालचा चौथरा तुलाच टाकलेल्यातून आणावा लागेल."

या सप्टेंबरात गुरुवारी सकाळी त्याच्या ट्रेलरचं चाक पंक्चर होऊन बसलं. एरवी तो साडेपाचला निघून सातच्या आत परत यायचा, त्या दिवशी पायलट गल्लीत पोचेपर्यंत आठ वाजले. ही गल्ली कड्याच्या टोकाशी संपते, तिथे बस कधी जात नव्हती. गल्लीच्या कडेचं गवत समुद्राकडे चांगलंच उतरतं. शेजारच्या घराने गालिचा, गादी आणि गंजलेली शेगडी असा ढीग लावला होता आणि ढिगापासून चार पावलांवर एक हिरवी लाकडी खुर्ची उभी होती, समुद्राकडे तोंड करून.

क्लेमने ती उचलून ट्रेलरच्या सपाट फळीवर ठेवली तर ती दारू प्यायलेल्या माणसासारखी मागे कलली. मागचे पाय पुढच्यांपेक्षा चार बोटं आखूड. "अरेरे," क्लेम म्हणाला, "काय हाल केलेत गं तुझे." लाकूड मात्र जुनं, घट्ट, असलं आता मिळत नाही. मागचे पाय कुजले असतील, कुणीतरी अर्धवट कापून सोडून दिले असतील, असं त्याने निदान केलं आणि तो खूश होऊन घरी गेला.

त्या दुपारी त्याने सगळं मनापासून केलं. पुढचे दोन पाय मापून मागच्यांच्या बरोबरीला कापले. पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मधोमध. खारट वाऱ्याने पोपडे आलेला हिरवा रंग खरवडला आणि क्लबातून उरलेला पिवळा रंग, जो किनाऱ्यावरच्या झेंड्यांच्या काठ्यांना लावतात तो, दोन हात दिला. खुर्ची अशी झळकायला लागली की लोर्ना मागच्या दारात येऊन म्हणाली, "डोळ्यांना काळा चष्मा लावून बसायचं का हिच्यावर?"

"बसून तर बघ."

लोर्ना बसली. खुर्ची तसूभर हलली नाही. "चांगली झालीय," तिने कबूल केलं. लोर्नाच्या तोंडून एवढं आलं की क्लेमचा दिवस सोन्याचा.

शुक्रवारी सकाळी तो पाव आणायला गेला. बेकरीच्या बाहेरच्या खांबावर कुत्री हरवल्याच्या, योगाच्या आणि पियानो शिकवण्याच्या कागदांमध्ये एक नवा कागद होता.

"खुर्ची हरवली आहे. हिरवी, लाकडी, जुनी. गुरुवारी सकाळी पायलट गल्लीतून कुणीतरी उचलून नेली. टाकलेली नव्हती. आमच्या सासूबाई, वय एक्याण्णव, तिच्यावर रोज बसतात. त्या दहा मिनिटांसाठी चहा आणायला आत गेल्या होत्या. खुर्ची आमच्या सासऱ्यांनी त्यांच्यासाठी केलेली आहे आणि ते आता नाहीत. कृपया परत ठेवा, आम्ही काही विचारणार नाही. पिप कॉल्डर."

क्लेमच्या हातातली पावाची पिशवी खाली पडली. कानशिलं तापली. बेकरीवाली ओळखीची, तिने आतून हात केला तर हा माणूस चोरासारखा खांबाच्या आड झाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. चौतीस वर्षं बस चालवली, पण एक छत्रीसुद्धा घरी नेली नाही, आणि आता नव्वदीच्या म्हातारीची खुर्ची नेली, तीही ती आत चहा करत असताना!

घरी येता येता मात्र त्याने स्वतःची समजूत घातली. चूक झाली, पण खुर्ची पूर्वीपेक्षा चांगलीच झालीय ना. पाय सरळ, रंग नवा. पहाटे नेऊन ठेवू, म्हातारी सकाळी बघेल आणि आनंदाने टाळ्या वाजवेल.

शनिवारी उजाडता उजाडता तो पायलट गल्लीत पोचला. गवतात खुर्चीची जागा शोधावी लागली नाही. चार पायांच्या चार टक्कल पडलेल्या खुणा होत्या, इतक्या वर्षांच्या की तिथे मुंग्यांनीही वाट सोडली होती. शेजारी कुणीतरी प्रेमाने फुलझाडं लावली होती. क्लेमने खुर्चीचे पाय बरोबर त्या खुणांवर टेकवले, मागे सरून पाहिलं, आणि पारख करायला म्हणून बसला.

बसला आणि पुढच्या क्षणी कॉल्डरांच्या फुलझाडांत गुडघ्यांवर होता. खुर्ची त्याच्या पाठीवर.

एक बाई कुत्र्याला घेऊन धावत चालली होती. ती जागेवरच पळत थांबली. "ठीक आहात ना?"

"एकदम," क्लेम फुलांतून म्हणाला. "समुद्र बघतोय."

ती गेल्यावर तो उठला नाही. तिथेच बसून त्याने त्या चार खुणांकडे पाहिलं, मग उताराकडे, मग खुर्चीच्या पायांकडे. पुढे उतार, म्हणून पुढचे पाय लांब. मागे चढ, म्हणून मागचे आखूड. खुर्ची मोडकी नव्हतीच. कुणीतरी जमिनीचा उतार मोजून, एका बाईला सरळ बसता यावं म्हणून, बोटाबोटाने ते पाय कापले होते. आणि क्लेम हॅरिगनने एका दुपारी शीळ घालत ते सगळं पुसून टाकलं. करायला गेला गणपती, झाला मारुती. शेपूट बघायलाही क्लेमच पहिला.

तो खुर्ची घेऊन घरी आला तेव्हा लोर्ना चहा गाळत होती. त्याने सगळं सांगितलं. लोर्नाने किटली खाली ठेवली.

"कापलेले तुकडे कुठे आहेत?"

क्लेम मागच्या दारातून विस्तवाच्या जागेकडे बघायला लागला.

"क्लेम?"

"रात्री आपण सॉसेज भाजले ना."

लोर्ना खुर्चीवर बसली, साध्या, स्वयंपाकघरातल्या. "म्हणजे त्या बाईच्या नवऱ्याचं काम मी पावात घालून कांद्यासकट खाल्लं."

"मी जोड देतो. तसलंच लाकूड आणतो, आतून खिळी घालतो, कळणारसुद्धा नाही. रात्रीतून—"

"खबरदार करवतीला हात लावलास तर! विचारलं नाहीस म्हणून हे झालं. आता परत न विचारता लावणार?" लोर्ना ओरडली आणि मग तिला त्याचा चेहरा दिसला. क्लेमचे डोळे भरले होते. चौतीस वर्षांत बसखाली मांजरसुद्धा न आलेल्या माणसाचं असं तोंड तिने एकदाच पाहिलं होतं, त्याची आई गेली तेव्हा.

"ती कुणी परकी बाई नाही गं," तो म्हणाला. "म्हणजे परकीच आहे. पण तिच्याकडे त्याचं एवढंच उरलं असेल. आणि मी ते..."

लोर्नाने चहा त्याच्यापुढे सरकवला. "आधी तोंड दाखव. करवतीचं नंतर बघू. ती बाई काय म्हणेल ते ऐकून घे. शिव्या दिल्या तरी ऐक, रडली तरी ऐक. आणि तो निळा शर्ट घाल."

"तो मयताला घालतो मी."

"मग बरोबर आहे."

दुपारी तीन वाजता क्लेम हातात पिवळी खुर्ची घेऊन कॉल्डरांच्या पुढच्या फाटकाशी आला. हा बंगला त्याला पुढून पाठ होता. समोरच बसचा स्टॉप, वरच्या रस्त्यावरचा, चौतीस वर्षं दिवसातून आठ वेळा तो इथे थांबला होता. मागून हीच भिंत पायलट गल्लीला लागते, हे त्याला आजच कळलं.

दार पिपने उघडलं. ही कॉल्डरांची सून, पन्नाशीची, मोठी वकील, शनिवारीसुद्धा धावायच्या कपड्यांत आणि कानात फोन. तिने खुर्चीकडे पाहिलं आणि फोन कानातून काढला.

"ही... ही ती आहे?"

"होती," क्लेम म्हणाला. "मी क्लेम. मी नेली. टाकलीय असं वाटलं."

"तुम्ही बसवाले क्लेम! आमचा जुना पंखा तुम्हीच नेला होतात." पिपला रागावायचं होतं हे दिसत होतं, पण पंख्याची आठवण आडवी आली. ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू का, विनची, म्हणजे सासूबाईंची, मला काळजी वाटतेय. तीन दिवस झाले, मागच्या बाजूला फिरकल्याच नाहीत. समुद्राचं नाव काढत नाहीत. दिवसभर इथे पुढच्या खिडकीशी बसतात, रस्त्याकडे बघत. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दुःखात माणूस असं करतं."

क्लेमला वाटलं, आत्ताच्या आत्ता बस यावी आणि आपल्याला घेऊन जावं.

विन कॉल्डर खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, केस कापसासारखे, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं भांडं. बाहेर एक माणूस खोकी उतरवत होता, त्यावर त्यांची नजर. क्लेम पुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने लोर्नाने सांगितलं तसं एका दमात सगळं सांगितलं. चाक बसलं तिथपासून सॉसेजपर्यंत. फुलझाडांत पडल्याचं वगळायचं ठरवलं होतं, तेही सांगून टाकलं.

"मी जोड देऊ शकतो, मिसेस कॉल्डर," तो शेवटी म्हणाला. "जागेवर पाणसळ लावून, अगदी होती तशी. पण तुमच्या नवऱ्याचा हात होता तो, तो मला आणता यायचा नाही. त्याची माफी कशी मागायची, मला कळत नाही."

विनने शेंग सोलायची थांबवली. खुर्चीकडे बराच वेळ बघितलं.

"खाली ठेव ती."

"कुठे?"

"इथेच. फरशीवर."

क्लेमने ठेवली. खुर्ची फरशीवर चारी पायांनी उभी राहिली. विन उठल्या, भांडं पिपच्या हातात दिलं, येऊन खुर्चीवर बसल्या, डावीकडे कलून पाहिलं, उजवीकडे कलून पाहिलं.

"ही घरात उभी राहते," त्या म्हणाल्या.

"हो. म्हणजे, आता राहते. तेच तर..."

"पिप, ही घरात उभी राहते!"

"विन, रडू नका हं," पिप घाईने म्हणाली.

पण विन रडत नव्हत्या. खांदे हलत होते ते हसण्याने. हसता हसता त्यांना ठसका लागला, पिप पाणी आणायला धावली, आणि क्लेम मयताच्या शर्टात उभा राहून आपण माणूस मारला की काय, अशा चेहऱ्याने बघत राहिला.

"बस रे," पाणी पिऊन विन म्हणाल्या. "आणि मिसेस-बिसेस नको, विन म्हण. माझा रेज बंदरात पायलट होता, मोठ्या आगबोटी आत आणायचा. चाळीस वर्षं त्याने समुद्र बघितला. आणि निवृत्त झाला त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाला असेल? म्हणाला, विन, आता आपण निवांत समुद्र बघू!"

क्लेमला हसू आलं, ते त्याने दाबलं.

"आठवडाभर तो त्या उतारावर पालथा पडून होता. मापं घ्यायचा, कापायचा, मला बसवून बघायचा. उठ. बस. परत उठ. इतक्या मायेने केलं होतं रे, मी काय बोलणार? मी म्हटलं, वा, काय छान! आणि बसले. एकतीस वर्षं बसले."

"मग?" पिप म्हणाली. भांडं तिच्या हातातच होतं.

"मग काय मग? मला समुद्र आवडतो, नाही असं नाही. पण तो बोलत नाही, पिप. मी दुकानदाराची मुलगी, आमच्या गल्ल्यामागून मी सगळं गाव बघायची. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं जमलं, कुणी नवी टोपी घातली. मला माणसं लागतात. एकदा खुर्ची फिरवून बघितली, रस्त्याकडे तोंड करून, तर उताणी पडले. दुसरीकडे न्यावी तर मागे कलायची. ती पृथ्वीवर एकाच जागी उभी राहायची आणि तिथून फक्त समुद्र दिसायचा."

"दुसरी खुर्ची घ्यायची होतीत ना!"

"तर त्याला कळलं नसतं? आणि तो गेल्यावर तुम्हीच सगळे म्हणायला लागलात, ही आईची जागा, ही आईची जागा. तू फुलं लावलीस. माझ्या लेकाने, ह्यूने, पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, जाऊ दे, एक्याण्णव झाली, आता किती दिवस राहिलेत." त्या क्लेमकडे वळल्या. "तीन दिवस या खिडकीशी बसले, तर समोरच्या स्टॉपवर किती माणसं उतरतात ते कळलं. मला वाटलं, खुर्ची सापडूच नये. असं देवाला म्हटलंसुद्धा. मग रेजची शरम वाटली."

पिपच्या तोंडाचा आ झाला होता. ज्या दृश्यासाठी तिने आणि ह्यूने वीस वर्षं कर्ज फेडलं, ज्याच्या आड येतात म्हणून शेजाऱ्यांच्या झाडांवर कोर्टात केस घातली, त्याकडे पाठ करून बसायची इच्छा एखाद्या शहाण्या माणसाला असू शकते, हे गॅनेट पॉईंटात आजवर कुणी बोललं नव्हतं. "पण विन," ती म्हणाली, "तो व्ह्यू!"

"मग तू बस की तिथे जाऊन," विन म्हणाल्या. "तुला कधी बसलेली पाहिली नाही मी. क्लेम, ही खुर्ची बाहेर घे. फाटकापाशी, त्या सपाट फरशीवर. स्टॉपकडे तोंड करून."

विन उठल्या. क्लेमने खुर्ची उचलली, पण पाऊल उचलेना. "रेजला वाईट नाही ना वाटायचं?" त्याने विचारलं. हा प्रश्न त्याला शुक्रवारपासून खात होता.

विन त्याच्याजवळ आल्या. मग त्यांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "वाईट वाटेल. आठवडाभर फुरंगटून बसेल. माझा रेज मी ओळखते. पण त्याने ती खुर्ची कशासाठी केली होती? मी सुखाने बसावं म्हणून. त्याला वाटलं, सुख खाली उतारावर आहे. तुझ्या करवतीने ते वरच्या रस्त्यावर आणलं, एवढंच झालंय. त्याचं काम तू मोडलं नाहीस रे बाबा. पुरं केलंस."

क्लेमने खिशातून रुमाल काढला आणि उघडपणे नाक शिंकरलं. लपवायला जागाच नव्हती.

"मात्र हा रंग भयंकर आहे," विन म्हणाल्या. "हा बदल."

"हिरवा आणतो."

"हिरवा नको. लाल आण. उतरणाऱ्याला लांबून दिसायला पाहिजे."

खुर्ची फाटकाशी ठेवली. विन बसल्या, मांडीवर पुन्हा वाटाण्याचं भांडं आलं. क्लेम भिंतीला टेकून उभा राहिला, त्याला जायला हवं होतं पण जावंसं वाटेना. पिप थोडा वेळ दारात घुटमळली आणि मग फोन दारातच ठेवून घराला वळसा घालून मागे गेली. थोड्या वेळाने मागून तिची हाक आली, "विन! देवमासा! अहो, केवढा आहे! लवकर या!" कड्यावरून आणखी दोन-चार माणसांच्या किंचाळ्या आल्या.

विनने मान वळवली नाही. "त्याला म्हणावं, वरच्या रस्त्याने ये," त्या म्हणाल्या आणि शेंग सोलली.

साडेचारची बस आली. क्लेमची जुनीच बस, चालक नवा, त्याने क्लेमला बघून भोंगा वाजवला. घरी निघालेल्या बाया स्टॉपवर गोळा झाल्या होत्या, हातात बादल्या-फडक्यांच्या पिशव्या. त्यांतली एक, टेरेसिता, समोरच्या काचेच्या बंगल्यात कामाला होती. क्लेम तिला ओळखत होता, तिच्या घरचा मिक्सर त्यानेच जोडलेला. ती बसमध्ये चढणार तेवढ्यात विनने रस्त्यापलीकडे हाक मारली.

"ए बाई! तू किती वर्षं येतेस गं इथे?"

टेरेसिताने आजूबाजूला पाहिलं. आपल्यालाच हाक आहे हे पटायला तिला वेळ लागला. "अकरा," ती म्हणाली.

"अकरा वर्षं! आणि मी मागच्या बाजूला पाणी बघत बसले! नाव काय तुझं?"

"टेरेसिता."

"मी विन. सोमवारी जरा आधीच्या बसने ये, टेरेसिता. वाटाणे सोलायला बस माझ्याशी, मला सगळं सांग."

चालकाने दार उघडंच धरून ठेवलं होतं. आत बसलेली माणसं खिडक्यांना नाकं लावून बघत होती. टेरेसिता हसली, "येते," म्हणाली आणि चढली. मग बस हलताना पहिल्या खिडकीतून एक हात वर आला, मागून दुसरा, मग तिसरा. विन प्रत्येकाला हात करत होत्या, भांड्यातले वाटाणे रस्त्यावर सांडत होते आणि त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बस वळणावर गेल्यावर त्या क्लेमला म्हणाल्या, "आता एक खुर्ची आणखी शोध. सोमवारी ती बसायची कुठे?"